गाळलेला शेरा

देवासच्या कारखान्यांच्या वस्तीतल्या एका मराठी मंडळाच्या वधूवर नोंदी जुन्या कॉम्प्युटरवरून वेबसाइटवर चढवायचं काम नीलेशच्या गळ्यात पडलं, कारण मंडळात प्रोग्रॅम लिहिणारा तो एकटाच. साल दोन हजार सहा. दिवसभर नोकरी, घरी नऊ वर्षं अर्धांगवायूने पडून असलेली आई, आणि तिला उचलून उचलून कामातून गेलेली कंबर. त्यात ही समाजसेवा!

काम तसं सोपं होतं. जुन्या आणि नव्या नोंदीत ज्या रकान्यांची नावं सारखी, ते आपोआप इकडून तिकडे उतरत. एखादा नको असेल तर त्याचं नाव गाळायच्या यादीत लिहायचं. मग तो दोनशेपैकी एकाही नोंदीत उतरत नसे. फोन नंबर त्याने गाळले, सगळ्या जगाला कशाला दाखवायचे? मग आला ‘शेरा’.

शेरा म्हणजे अण्णांची जहागीर. हे म्हातारे चिटणीस वीस वर्षं नोंदी ठेवत आले होते आणि कुणाचं काही लपवायचं नाही हा त्यांचा बाणा. ‘अंगावर कोड.’ ‘वडील पितात.’ ‘साखरपुडा मोडला.’ पाच-सहा शेरे वाचूनच नीलेशला वीट आला. त्याची थोरली बहीण नलिनी चौतिशीची, तिचाही साखरपुडा एकदा मोडलेला. तिच्या शेऱ्यात काय असणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. त्याने तिची नोंद उघडलीच नाही.

“सगळं उतरव हो, एक अक्षर गाळू नकोस,” अण्णांनी बजावलं होतं. नीलेश “हो हो” म्हणाला आणि यादीत ‘शेरा’ लिहून मोकळा झाला. कितीतरी दिवसांनी आपण काहीतरी बरं केलं असं त्याला वाटलं.

महिन्याभरात धारहून स्थळ आलं. विश्वासराव मुलाला घेऊन आले. मुलगा नालछ्याच्या शाळेत मास्तर, शांत. चहा झाला, हसणंबोलणं झालं. नीलेशने मनातल्या मनात मांडवही घातला.

तेवढ्यात नलिनीने सरळ विचारलं, “माझी अट चालेल म्हणूनच आलात ना तुम्ही?”

“कुठली अट?” विश्वासराव नीलेशकडे वळले. “भिया, वेबसाइटवर तर असं काहीच नव्हतं.”

“लग्नानंतर आई माझ्याजवळ राहील. शेऱ्यात आहे. मी अण्णांसमोर बसून लिहवून घेतलंय.”

मुलाने मान खाली घातली. त्यांच्या घरी दोनच खोल्या, आणि एकीत त्याची आजी अंथरुणाला खिळलेली.

“पहिलेच मालूम असतं तर तुम्हाला उगीच आस लावली नसती,” विश्वासराव म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तेच नीलेशला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी त्याने मंडळात जाऊन जुना कॉम्प्युटर लावला आणि नलिनीची नोंद उघडली. हिंदी शाळेत शिकल्यामुळे अण्णांचं जुन्या वळणाचं मराठी तो अडखळतच वाचे. साखरपुड्याचं त्यात नावही नव्हतं. लिहिलं होतं, ‘मातोश्री वधूसोबत राहतील. धाकटे बंधू नऊ वर्षे एकटे उचलीत आहेत, त्यांस आता विसावा मिळावा, ही वधूची अट.’ त्याने ते दोनदा वाचलं आणि खुर्चीतच रडला.

घरी आल्यावर त्याने नलिनीला सगळं सांगितलं. ती रागावली नाही. “गाळण्याआधी मला विचारायचं तरी रे,” एवढंच म्हणाली.

आतून आईने हाक मारली. नीलेशने कमरेचा पट्टा आवळला आणि तिला उचलायला गेला.