एका ओळीची जागा

मी एक जुना दगड आहे, मित्रांनो. किती जुना, यावर एकमत नाही. खाणीवरचे लोक कोट्यवधी वर्षे म्हणत. ज्याने मला विकत घेतले त्या हार्लन पर्किन्सच्या, बायबलवरून मांडलेल्या, हिशेबाने सगळे जगच सहा हजार वर्षांचे. त्याने मला कधी विचारले नाही, आणि पाहुण्याने यजमानाशी वाद घालू नये म्हणून मीही गप्प राहिलो.

अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या डोंगरातून मला सुरुंग लावून काढले, करवतीने कापले, एका बाजूने आरशासारखे घासले आणि हार्लनच्या अंगणात आणून ठेवले. हार्लन पाथरवट. थडग्यांचे दगड घडवणे हा त्याच्या घराण्याचा धंदा. रविवारी तो चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसे आणि उरलेले सहा दिवसही तसाच वागे. ही गोष्ट तुम्हाला वाटते तितकी सर्रास आढळत नाही.

मला पसंत केले ते वेंडेलने. सफरचंदांच्या बागेचा मालक, गावच्या अग्निशमन दलातला हौशी गडी. आजार कळल्यावर तो स्वतःच दगड बघायला आला. माझ्यावर बसून त्याने एक डोनट खाल्ला आणि म्हणाला, "हा बरा आहे. गार लागतोय, पण तेव्हा मला काय कळणार." सोबत ग्लेन होता. सांडलेली साखर त्याने रुमालाने झटकली. हे दोघे एकाच घरात म्हातारे झाले होते. कायद्याने वाट मोकळी केली तेव्हा गावच्या कचेरीत जाऊन त्यांनी लग्नही केले होते. हार्लन त्या दिवशी मासे धरायला गेला होता.

वेंडेल गेला. इकडे नवरा-बायकोचा एकच दगड असतो. दोघांची नावे कोरतात, आणि जो मागे राहिला त्याच्या जन्मसालापुढे एक आडवी रेघ ओढून जागा सोडतात. तशी दोन्ही नावे हार्लनने माझ्यावर सुबक कोरली. मग ग्लेनने खालची ओळ सांगितली, 'ग्लेनचा पती'. हार्लनने डोक्यावरची टोपी काढली.

"सफरचंदाची फांदी कोरतो, फुकट. पण तो शब्द माझ्याच्यानं नाही होणार, ग्लेन."

"का?"

"लग्न म्हणजे काय, ते माझ्या देवानं सांगून ठेवलंय. मी ते दगडात बदलून लिहू शकत नाही."

"नोबल टकरच्या दगडावर 'प्रेमळ पती' कोरलंस. त्याची बायको दोनदा जीव मुठीत धरून आमच्या ओसरीवर येऊन झोपली होती."

"तो वाईट नवरा होता," हार्लन म्हणाला. "पण नवरा होता."

"तुझ्या शेडला आग लागली तेव्हा वेंडेलनं काही विचारलं होतं का तुला?"

"नाही विचारलं. तुझं घर पेटलं तर मीही बादली घेऊन धावेन. पण आग विझवायला काही लिहून द्यावं लागत नाही." त्याने माझ्यावर हात ठेवला. "'जिवलग मित्र' कोरतो. आनंदानं कोरतो."

"मित्र तर तूही होतास त्याचा," ग्लेन म्हणाला.

हार्लनने टोपी पुन्हा घातली. शेजारच्या गावात एक पाथरवट आहे, तो कोरून देईल, असेही त्याने सुचवले. ग्लेन म्हणाला, "मग वेंडेलनं मरायलाही शेजारच्या गावात जायला हवं होतं."

ग्लेनने तक्रार केली. दुकान सगळ्यांसाठी उघडे असेल तर ते सगळ्यांसाठीच उघडे असले पाहिजे, असा इथला कायदा. दुकान उघडेच आहे, हात मात्र माझा आहे, असे हार्लनचे म्हणणे. दोघांनाही मोठ्या शहरांतून वकील मिळाले. त्यांनी माझे फोटो काढले, मला टिचक्या मारल्या आणि मी पुरावा आहे असे जाहीर करून निळ्या ताडपत्रीत बांधून टाकले. मित्रांनो, डोंगराच्या पोटात मी इतका काळ काढला, पण असा अस्वस्थ कधी झालो नव्हतो. वारा सुटला की ताडपत्री फडफडे, आणि मला वाटे कुणीतरी सोडवायला आले.

दरम्यान गाव दुभंगले. चर्चच्या जेवणात हार्लनच्या बायकोच्या, लोइसच्या, बीन्सना अर्ध्या गावाने हात लावणे सोडले. उरलेल्या अर्ध्या गावाने निष्ठेपोटी दुप्पट खाल्ल्या आणि पोटे बिघडवून घेतली. कुणीतरी हार्लनच्या दारावर अंडी फोडली. कुणीतरी ग्लेनच्या बागेतली कोवळी कलमे तोडली. दोन्ही कामे तत्त्वासाठी झाली. वेंडेलच्या कबरीवर मात्र काडीला अडकवलेली प्लॅस्टिकची पाटी होती. तिच्यासाठी कुणी काही फोडले नाही.

आणि ग्लेनचे डोळे जाऊ लागले. त्याच्या आजारात नजरेचा मधला भाग आधी जातो, कडा राहतात. आपण ज्याच्याकडे बघावे तेच नेमके दिसत नाही. त्याला तो शब्द एकदा वाचायचा होता.

निकाल ग्लेनच्या बाजूने लागला. हार्लनच्या वकिलांनी वरच्या न्यायालयात धाव घेतली. ताडपत्री जागची हलली नाही.

मग पानगळ आली. जमीन गोठली की वसंतापर्यंत पाया घालता येत नाही. एका सकाळी ग्लेन अंगणात आला. त्याला आता गाडी चालवता येत नव्हती. घेऊन आली होती लोइस. तिने नवऱ्याकडे बघितले नाही.

"हार्लन, गवत कापणाऱ्यानं पाटी मोडली," ग्लेन म्हणाला. "वेंडेल कुठे आहे तेच मला सापडत नाहीये."

हार्लनने ताडपत्रीकडे बघितले. "वकील म्हणतात, दगड हलवायचा नाही."

"माझेही तेच म्हणतात."

"दोघांचं एकमत?"

"पहिल्यांदाच."

"मग काहीतरी चुकतंय," हार्लन म्हणाला, आणि त्याने दोरी सोडली.

पाया त्याने स्वतः घातला. मला स्वतः उभे केले. पण ती ओळ कोरली नाही. तेवढी जागा माझ्यावर गुळगुळीत राहिली.

आता मी वेंडेलच्या उशाशी उभा आहे. खटला अजून वर कुठेतरी चालू आहे. ग्लेन येतो आणि बोटांनी वाचतो. वेंडेलचे नाव, स्वतःचे नाव, आडवी रेघ. मग बोटे खाली उतरतात आणि गुळगुळीत जागेवर थांबतात. "अजून नाही," तो वेंडेलला सांगतो.

रविवारी चर्च सुटल्यावर हार्लन मी सरळ आहे का ते बघायला पाणसळ घेऊन येतो. गोठलेल्या जमिनीत दगड कलतात, म्हणून. त्या घासलेल्या जागेत त्याला स्वतःचाच चेहरा दिसतो, तेव्हा तो माझ्या कडा तपासू लागतो. एकदा दोघांची गाठ पडली.

"सरळ आहे का?" ग्लेनने विचारले.

"दगड सरळ आहे," हार्लन म्हणाला, आणि पाणसळ काखेत धरून तो तिथेच उभा राहिला.

मित्रांनो, आमची निगा राखणे अवघड नाही. शेवाळ मऊ ब्रशने आणि साध्या पाण्याने काढा, ब्लीच ओतू नका. पण एखाद्या दगडावर एका ओळीची जागा सुटलेली दिसली, तर ती वाचणारा असेपर्यंत तिचा काय तो निवाडा करा. दगडाला घाई नसते असे सगळे धरून चालतात, न्यायालयेसुद्धा. या खेपेला रेघेवरून खाली उतरताना ग्लेनची बोटे वाट चुकली.

मला घाई आहे.