घंटी जराशी लांब

सून शिलाईच्या कारखान्यातून दुपारी घरी यायची आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं सगळं करायची. तिला कादंबरी लिहायची होती, पण लिहायला बसलं की आतून सासूबाईंची घंटी वाजायची. कधी पाणी, कधी पडदा, कधी उशी.

मग तिने छोटे छोटे बदल केले. भाजी सकाळीच चिरून ठेवली. शेजारणीशी दारातल्या गप्पा बंद केल्या. त्यातून रोज पानभर लिहून होऊ लागलं, पण पानभराने तिचं भागेना. एके दिवशी चादर बदलताना तिने घंटी उशीजवळून टेबलाच्या कडेला सरकवली. दुसऱ्या दिवशी आणखी जराशी. सासूबाई हात ताणून वाजवायच्या, पण कमी वेळा. नवरा खुशीत म्हणाला, "आई हल्ली किती शांत झालीय."

एका दुपारी घंटी वाजलीच नाही. काहीतरी धपकन पडल्याचा आवाज मात्र आला. तिचं पेन थांबलं. वाक्य अर्धं होतं आणि मनासारखं जमत होतं. तिने ते पूर्ण केलं. मग पुढचंही लिहिलं.

ती आत गेली तेव्हा सासूबाई जमिनीवर पडल्या होत्या, पण शुद्धीत होत्या.

"हाक मारायची ना, आई," ती त्यांना उठवत म्हणाली.

"मारली की. तू लिहीत होतीस."

संध्याकाळी नवऱ्याने आईला कशी पडलीस म्हणून विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या, "माझाच तोल गेला रे." बोलताना त्यांनी सुनेचा उजवा हात घट्ट धरला होता. जेवणाची वेळ टळून गेली, तरी त्यांनी तो सोडला नाही.