कोपऱ्यातली टाकी

तिने कोपरापर्यंत हात टाकीत घातला आणि पोवळ्याची फांदी हळूच चाचपली. तपकिरी. अजून तपकिरीच.

बाकीच्या टाक्यांतली पोवळी पांढरीफटक पडली होती. पाणी मुद्दामच तापवलं होतं. कोण किती सोसतं तेच बघायचं होतं. उष्णता वाढली की पोवळ्याच्या अंगात राहून त्याला भरवणारं शेवाळ बाहेर पडतं. आधी रंग जातो, मग उपासमार. तरी या कोपऱ्यातल्या टाकीलाच काय सोनं लागलं होतं?

"हीटर बिघडला असेल," बाई म्हणाल्या. प्रयोगशाळा त्यांची. "बाद करा ती टाकी."

"हीटर ठीक आहे, बाई. तपासला मी."

"मग कारण सांगा. नाहीतर बाद."

बाई जेवायला गेल्या आणि नेहमीसारखी नणंद मागच्या दाराने आली. कडेवर ठकी.

"घे बाई तुझी लेक. बाटलीला सवतीसारखी लोटते!"

इथे मूल आणायला मनाई होती. तिने खिडकीवरचा लांब पडदा ओढून आडोसा केला, स्टुलावर बसली. ठकी चुटूचुटू पिऊ लागली. पाजता पाजता पडद्याच्या फटीतून तिचं लक्ष टाकीकडे गेलं आणि तिथेच थांबलं.

पडदा सरकल्यामुळे खिडकी उघडी पडली होती. ऊन थेट पाण्यात उतरलं होतं. म्हणजे ती बाळंतपणानंतर कामावर आल्यापासून ही टाकी रोज जराशी तापत होती, पडदा जागेवर गेला की निवत होती. हीटर लावायच्या कितीतरी आधीपासून तिथल्या पोवळ्यांना उष्णतेची सवय होत होती.

तिने नणंदेला दाखवलं.

"अगं, पण हे सांगितलंस तर उद्यापासून हिच्या दुधाचं काय?"

तिने ठकीच्या घामेजल्या कपाळावरचे केस मागे सारले. बाहेर बाईंची पावलं वाजली. नणंदेने पडदा परत खिडकीवर सारायला हात घातला.

"राहू द्या, वन्सं."

बाई दारातच थबकल्या. खिडकी, टाकी, पडद्याखालून दिसणारे पाय.

"कारण सापडलं, बाई," पडद्याआडून आवाज आला.

बाईंनी उन्हात तळहात धरला. बराच वेळ तसाच ठेवला.

"किती वेळ असतं हे ऊन?"

"हिचं पोट भरेपर्यंत."

बाई पांढऱ्या टाक्यांकडे वळल्या.

"नवी पोवळी आणू. सगळ्यांना आधी असंच ऊन देऊन बघू."

मग त्यांनी आपल्या टेबलामागची पाठ असलेली खुर्ची उचलली, पडद्याशी आणून ठेवली आणि राहिलेलं जेवायला निघून गेल्या.