मूक प्रार्थनेतला कुरकुरणारा बाक

मित्रांनो, मी एक जुना, लांबलचक लाकडी बाक आहे, आणि खरं सांगू का, मी वैतागलो आहे. बाकाने कसलं वैतागायचं, असं तुम्ही म्हणाल. पण सहा माणसांना पाठीवर घेऊन बसल्यावर त्यांच्या प्रत्येक चुळबुळीचं खापर तुमच्याच डोक्यावर फुटलं, तर तुम्ही काय कराल ते मला सांगा.

माझा जन्म एका सुताराच्या कारखान्यात झाला. एका जाड फळीची माझी बैठक, दोन टोकांना दोन पाय आणि मध्ये एक. "सहा जणांनी शेजारी शेजारी बसायचं. कुणाला अंग चोरावं लागता कामा नये," असं पुटपुटत सुताराने माझ्यावर रंधा मारला. त्याची छोटी मुलगी भुशात खेळत असे. माझ्यावर सगळ्यात आधी बसली ती तीच, आणि तीही उड्या मारत.

मग मी एका दवाखान्याच्या व्हरांड्यात वीस-बावीस वर्षं काढली. कुरकुरायला मी तिथेच शिकलो. तापाने फणफणलेली बाळं आली, पोट धरून वाकलेले आजोबा आले, नखं कुरतडणारे नवरे आले. मी वाजायचो, पण कुणी नाक मुरडलं नाही. उलट आतली नर्स म्हणायची, "बाक वाजला. कुणीतरी आलंय वाटतं." मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला मिळालेली शाबासकी ती एवढीच.

तिथेच एकदा एक टेम्पो ड्रायव्हर सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझ्या टोकाला बसला होता. आत त्याची बायको होती. तो इतका स्तब्ध बसला की दिवसभरात मी एकदाही वाजलो नाही. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले आणि काही न बोलता त्याच्याशेजारी बसले. तेव्हा मी वाजलो.

पुढे दवाखाना नव्या इमारतीत गेला. तिथे सुट्या सुट्या खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी वाचनालयाच्या मागच्या खोलीत झाली. ओलीने माझा मधला पाय खालून कुजला. कुणीतरी त्याखाली फळीचा तुकडा सरकवला, तोही गरजेपेक्षा जाड. वर्षभर माझ्यावर रद्दीचे गठ्ठे पडून होते. मग एक दिवस ते हटले आणि मूक प्रार्थनेची मंडळी आली. मला वाटलं, चला, सुटलो! कसला सुटतोय!

मंडळी सहाच. निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे बाईच म्हणतात. टेलरकाका आणि काकू. पोस्टातून निवृत्त झालेले पोस्टमनदादा. वाचनालयातली ताई. आणि सहावा, तोच ड्रायव्हर. मी त्याला बसल्याबरोबर ओळखलं. पण सांगणार कुणाला? बाकाला तोंड नसतं.

"इथे देवाकडे काही मागायचं नाही," बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं. "त्याच्याशी बोलायचंही नाही. नुसतं त्याच्याजवळ बसायचं. अर्धा तास. आणि मध्ये आवाज झाला, तर वेळ पुन्हा पहिल्यापासून!"

वेळ मोजायला त्यांनी आपल्या स्वयंपाकघरातलं चावीचं घड्याळ आणलं होतं. लाल, टोमॅटोसारखं गोल. ते अर्धा तास टिकटिक टिकटिक करायचं. ते चालायचं हं सगळ्यांना! मी एकदा कुईं केलं की मात्र बाईंचे डोळे उघडायचे, हात पुढे यायचा आणि चावी करकरत मागे फिरायची. ती करकरसुद्धा चालायची. काकूंच्या बांगड्या, काकांचं घसा साफ करणं, पोस्टमनदादांची घोरण्याच्या काठावर आलेली प्रार्थना, सगळं सगळं चालायचं. फक्त मी नाही.

आणि मी नेमका ड्रायव्हरच्या टोकालाच वाजायचो. बिचारा श्वास रोखून बसायचा. शेवटी श्वास सोडायचा तो मोठ्ठा सुस्कारा होऊन, आणि कुईं!

"परत?" काका दबक्या आवाजात म्हणायचे. "अहो, दुकान उघडायचंय मला."

"तुम्ही बोललात. आता तुमच्यामुळेही पहिल्यापासून," काकू फटकारायच्या.

एका गुरुवारी चावी चार वेळा फिरली. अर्ध्या तासाची प्रार्थना दीड तासावर गेली आणि खोलीतल्या एकाही माणसाच्या मनात देव उरला नाही. त्या दिवशी बाईंनी ठरवलं. बाक सुताराच्या कारखान्यात द्यायचा, दुरुस्त झाला तर ठीक, नाहीतर सुट्या खुर्च्या आणायच्या. ड्रायव्हर खाली मान घालून म्हणाला, "टेम्पो आणतो मी. तेवढा बाक पोचवून देतो. मग पुढच्या वेळेपासून मी काही येत नाही. माझ्यामुळे तुमचं सगळं मोडतं."

कुणी "राहू द्या हो" म्हणेल म्हणून मी वाट पाहिली. कुणी बोललं नाही. ही माणसं मौन शिकायला आली होती, आणि नको तिथे त्यांना ते बरोब्बर जमलं!

पुढच्या गुरुवारी टेम्पो दारात उभा राहिला. मला नेण्याआधी एकदा बघायला सुताराची तीच मुलगी आली, आता कारखाना तिचाच होता. तिने मला उलटं केलं, ठोकलं, हलवलं. मग सरळ उभं करून म्हणाली, "नेहमी बसता तसे बसा बघू."

सगळे बसले. पाच जण एका टोकाला खेटून. मग एका माणसाची जागा मोकळी. मग ड्रायव्हर, एकटा.

ती कमरेवर हात ठेवून हसली. "अहो, बाकाला काय झालंय? मधला पाय उंच झालाय. सगळे एकीकडे बसलात तर यांची बाजू अधांतरी राहणार. हे नुसते श्वास घेतील तरी वाजेल. पण असे बसता का तुम्ही?"

पाचही जणांनी एकमेकांकडे पाहिलं. काकू चाचरत म्हणाल्या, "ते सारखे सुस्कारे टाकतात ना. म्हटलं, बायको गेल्याचं दुःख अजून ओलं आहे, जरा मोकळं बसू द्यावं."

ड्रायव्हरने बाईंकडे पाहिलं. "मोकळं तर घरी आहेच की हो, बाई. घरी पण शांतता आहे. पण ती एकट्याची. इथे निदान शेजारी कुणाचा तरी श्वास ऐकू येईल, म्हणून येत होतो."

 बाईंनी घड्याळाला चावी दिली आणि सगळ्यांना डोळे मिटायला खुणावलं. टिकटिक सुरू झाली. मिनिटभराने त्या स्वतःच उठल्या, ड्रायव्हरच्या शेजारी आल्या आणि धपकन बसल्या. आयुष्यात वाजलो नव्हतो एवढ्या जोरात मी वाजलो!

सगळ्यांचे डोळे उघडले. "बाई," पोस्टमनदादा कुजबुजले, "पहिल्यापासून?"

"नाही. चालू द्या," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी ते लाल घड्याळ पिशवीत, शालीच्या घडीत खुपसलं.

मग काकू सरकल्या. काका सरकले. ताई आणि पोस्टमनदादाही सरकले. ड्रायव्हर मोठ्याने रडला. कुणी वळून पाहिलं नाही, कुणी उठलंही नाही. सुताराची मुलगी दाराशी हातात हातोडी घेऊन तशीच उभी राहिली. टेम्पो रिकामाच परत गेला.

मित्रांनो, मला अजून कुणी तेल लावलेलं नाही. तो जाड तुकडा माझ्या पायाखाली तसाच आहे. जुन्या लाकडाला ओलीत ठेवू नका, अधूनमधून कोरड्या फडक्याने पुसा, एवढं मी हक्काने सांगतो. पण त्याआधी एक करा. कुठे कुणी कुरकुरलं की लगेच आमच्यावर डोळे वटारू नका. आधी बघा, त्याच्या शेजारची जागा रिकामी आहे का. असेल, तर सरका जरा!