आत्याच्या पायांखालची जमीन

वैशाखातल्या सकाळी, ऊन निजामपुऱ्याच्या गच्च्यांवर चढण्याआधीच, नलूआत्याची टाच कोटाफरशीवर पडे, आणि तो नाद इतका निर्मळ, इतका निःशंक असे की गल्लीची सकाळ तिथूनच सुरू झाल्यासारखी वाटे. माझ्या वडिलांची ही अविवाहित बहीण बडोद्यात तीस वर्षे भरतनाट्यम शिकवीत आली होती. घराची पुढची मोठी खोली हीच तिची शाळा. चहाचा कप उचलतानाही तिची बोटे फूल खुडल्यासारखी हलकेच मिटत.

पण फरशीचा दगड कोणाच्या निष्ठेची कदर करीत नाही. साठीला टेकता टेकता तिचे गुडघे आखडले, आणि डॉक्टरांनी बजावले, शिकवायचे असेल तर पायांखाली लाकूड हवे. शहरात तेव्हा काचेच्या दारांची, आत शिरताच अंगावर गारवा येणारी दुकाने एकामागून एक उघडत होती. त्यांतल्याच एका दुकानात मी तिला घेऊन गेले.

दुकानदाराने दोन नमुने मांडले. एक अस्सल सागाची फळी. दुसरी लॅमिनेटची, वर लाकडाचे नुसते चित्र चिकटवलेली. आत्याने चपला काढल्या, निऱ्या किंचित उचलल्या आणि दोहोंवर एकेकदा टाच मारली. लॅमिनेट रिकाम्या डब्यासारखे वाजले. सागावरचा आवाज मात्र खोल उतरला, आणि क्षणभर तिची पाठ पूर्वीसारखी ताठ झाली.

"मासी, साग ज लो," दुकानदार म्हणाला. "पचास वरस चालशे."

"पचास वरस कोना माटे, भाई?" आत्या हसली, पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचले नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तीन मुली उरल्यात गं. बाकीच्या ट्यूशनला गेल्या, कॉम्प्युटरला गेल्या. कोणासाठी पन्नास वर्षं? हे दोन दिवसांत बसतं म्हणतात, हेच टाकू. सुतारांची महिनाभर ठोकठोक मला नाही झेपायची."

मी "बरं" म्हटले. त्या दुपारी तिचा थकवा मला तिचा निर्णय वाटला.

लॅमिनेट बसले, गुळगुळीत, चकचकीत, परके. मुली नाचू लागल्या की आत्या मध्येच हात उंचावून थांबे, कान देई आणि पुन्हा ताल धरी. दुसऱ्या वर्षी तिने वर्ग बंद केला. कोणी कारण विचारले तर ती गुडघ्यावर हात ठेवी.

त्यानंतर ती सतरा वर्षे जगली. शस्त्रक्रियेनंतर गुडघे बरेच सुधारले. पार हरणी भागापर्यंत मैत्रिणीकडे एकटी रिक्षाने जाई. एकदा शरदाच्या कोवळ्या उन्हात, खिडकीशी भाजी निवडता निवडता, तिने अकस्मात विचारले, "तेव्हा दुकानात मला अडवलं का नाहीस गं?"

"तूच म्हणालीस, आत्या."

"मी दमले होते," ती म्हणाली. "दमलेल्या माणसाचं एवढं ऐकायचं नसतं."

तिच्या स्वरात रोष नव्हता. म्हणूनच तो स्वर अजून मला सोडीत नाही. थकलेला माणूस आपले उरलेले आयुष्य तोकडेच मोजतो, आणि प्रेमाची माणसे ते माप खरे मानून मोकळी होतात. मग तो गेल्यावर आठवणीत सर्वांत जड होतात ती वर्षे, जी काळाने त्याला दिली होती आणि आपण हिशेबात धरली नव्हती.