मास्तरांचे अस्तर

शिंपीमास्तरांचे अख्खे आयुष्य लोकांच्या कोटांना अस्तर लावण्यात गेले होते. त्यामुळे छातीत कळ आल्यावर डॉक्टरांनी तपासून "तुमच्या रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर खराब झालंय" असे सांगितले, तेव्हा त्यांना हायसेच वाटले.

"मग उसवून नवं लावा की. कापड माझं."

डॉक्टर हसले. हे अस्तर जिवंत असते, म्हणाले, बदलून मिळत नाही. धुराने आणि बसून राहण्याने ते बिघडते. गोळ्या घ्या, सिगारेट सोडा, रोज चाला, म्हणजे बरेचसे आपले आपण सावरते. नाहीतर पुढची कळ नुसती भेटून परत जाणार नाही.

मास्तरांनी दुकानात येऊन गोळी गिळली आणि वर सिगारेट पेटवली. चालायला वेळ कुठे होता? मशीन पायाशी, गिऱ्हाईक दाराशी आणि काजे-बटणे करणारी बायको शेजारच्या स्टुलावर. दुसऱ्या दिवशी ती सुया, दोरे, चष्मा पिशवीत भरून बाजाराच्या पार पलीकडे धाकट्या बहिणीकडे राहायला गेली. तुमचे अस्तर सावरले की येईन, तोवर काजे इथेच होतील, असा निरोप आला.

मास्तर रुसून बसले. पण कोट तयार आणि बटणांना जायला घर नाही. शेवटी कोट खांद्यावर टाकून धापा टाकत ते पोचले, तर मेहुणीने दारातच नाक मुरडले.

"भाऊजी, धुरकट कोट आम्ही घेत नाही. वास गेला की या."

तसेच परत फिरावे लागले. मग कोट आत जावा म्हणून सकाळची सिगारेट सुटली, पुढे कुढत, चिडत दुपारचीही. वाटेवरचा फळवाला विचारी, "मास्तर, रोज सासुरवाडी?" पण हळूहळू धाप कमी झाली. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी पाठ थोपटली. बायकोने पिशवी भरायला घेतली, तसे मास्तर खाली बघून म्हणाले, "अगं, तू घरी आलीस की मी पुन्हा मशीनला चिकटेन."

"मग मी इथे आल्यापासून काय करतेय? बसूनच आहे. मलाही आत अस्तर आहे म्हटलं."

ती त्याच संध्याकाळी घरी आली. काजे मात्र अजून मेहुणीच्या खिडकीतच होतात. मास्तर कोट घेतात, ती पिशवी घेते, दोघे रोज चालत निघतात आणि फळवाल्याला आता विचारायला काही उरलेले नाही.