सायीची वाटी

"म्हसरांच्या दवाखान्यात मांजर घिऊन बसलोय. वळखीचं कोण आलं तर काय सांगायचं?" अंबूबाई पदराआड पुटपुटल्या. पण ठकी मांजरीची वेताची बुट्टी काही त्यांनी मांडीवरनं खाली ठेवली नाही.

शेजारी बसलेल्या सुनेनं, वर्षाराणीनं, ते ऐकलं. ठकीचे कान आतनं हळदीसारखे पिवळे झाले होते. पाच दिवस पोटात कण नव्हता. त्याआधी सासऱ्यांनी, गणपतरावांनी, काविळीची माळ आणून तिच्या गळ्यात घातली होती. माळ लांबत जाईल तशी कावीळ उतरते म्हणतात. माणसांची उतरत असेल. इथं माळ लांबत पोटाखाली लोंबायला लागली आणि ठकी तेवढी आटत गेली.

डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपलं. "पाली खाते का ही? पालीतनं एक चपटा किडा मांजरात जातो. पित्ताच्या नळीत घर करून बसतो."

"आमच्यात पाल कुठली, बाई? भिताडं चकाचक हाईत," अंबूबाई म्हणाल्या.

"दूधभात खाती की," गणपतराव म्हणाले. "उंदीर धरायचा सुदीक आळस हाय तिला."

दोघंही बोलताना भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या बैलाकडं बघत होते. वर्षाराणीकडं कुणीच बघत नव्हतं.

लग्नानंतर महिन्यातच तिच्या खांद्यावर पाल पडली होती. डोक्यावरनं पाणी घेतलं, पंचांग बघितलं, तरी धास्ती जाईना. मग एकदा ठकीनं पाल धरली, आणि त्या दिवशी वर्षाराणी सुखानं जेवली. तिनं ठकीपुढं वाटीभर साय ठेवली. तिथनं रिवाजच पडला. ठकी शहाणी. शेजारच्या गोठ्यातल्याही पाली धरून आणायची, तिच्या पायाशी कुरुकुरू खायची, आणि वाटीकडं बघत बसायची. अख्खं घर कौतुक करायचं.

"मग साधी कावीळ धरून सलाईन लावते," बाईंनी पेन उचललं. "किड्याचं औषध जबर असतं. इतक्या अशक्त जिवाला नुसत्या संशयावर नाही देणार मी."

ठकीनं बुट्टीतनं कशीबशी मान काढली आणि वर्षाराणीचं बोट हुंगलं. साय आहे का बघितलं. नव्हती. तरी चाटलं.

"आत्या, मामा, माझ्यासाठी खोटं बोलू नका," वर्षाराणी सासूसासऱ्यांकडं वळून म्हणाली. "बाई, खाती ती पाली. रोज खाती. साय देऊन मीच खायला लावल्या तिला."